‘सिंहासन’ आणि सभागृह

अरुण साधू परतवाड्याचे आणि सुरेश भट अमरावतीचे. साधूंच्या ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ ह्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ हा चित्रपट केला. त्यातले गाजलेले गीत भटांचे. मुंबईच्या सत्तेकडे वऱ्हाडच्या ह्या दोघा लेखकांनी रोखून पाहिले ते असे.

मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे ह्यांच्या खुर्चीवर त्यांचेच अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे टपून आहेत. घटनेच्या १६४व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. येथे मात्र सरकारचे आयुष्य ठरते बंगल्यांच्या दिवाणखान्यांत आणि दूरध्वनीवर. आमदार जाब विचारणारा प्रतिनिधी उरत नाही. मोजायचे डोके होतो. कलाकृतीचे खरे मर्म हेच.

पत्रकार दिगू टिपणीसला (निळू फुले) सारे ठाऊक आहे. अमेरिकेत वार्ताहरांनी उकरलेले वॉटरगेट प्रकरण सिनेटच्या समितीने उचलले, २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती हवाली करण्याचा एकमुखी हुकूम दिला, आणि ९ ऑगस्टला अध्यक्ष निक्सन पायउतार झाले. दिगूच्या हातची माहिती उचलणारी संस्थाच ह्या कथेत नाही. म्हणून अखेरीस तो भ्रमिष्ट होतो.

येथेच माझा आक्षेप आहे. प्रेक्षक राजकारणाची किळस घेऊन घरी जातो, आणि जनतेची किळस सिंहासनाला नेहमीच सोयीची असते. कथेबाहेर संस्था अगदीच मेलेल्या नसतात. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. महाराष्ट्रातील २०२२च्या सत्तांतराविषयी ११ मे २०२३ रोजी निकाल देताना, बहुमत सिद्ध करावयास सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परंतु चाचणीला सामोरे न जाताच मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता आले नाही. न्यायालय चूक दाखवू शकते. सभागृहाची जागा घेऊ शकत नाही.

१९५३च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरावे असे ठरले, ते अकोला-अमरावतीच्या कास्तकाराचा प्रश्न जवळून ऐकला जावा म्हणून. तो विचारणारा आमदार रात्री कोणाच्या बंगल्यावर मोजला जातो, हे ‘सिंहासन’ सांगते. सकाळी त्याला सभागृहात बोलते करणे हे काम मतदारांचे आहे.