पिंपाची पुण्याई

बाटलीवर वय छापलेले असले म्हणजे चाखणाऱ्याची अर्धी चिंता मिटते. तो आकडाच चाखतो आणि समाधान पावतो. स्पे नदीच्या खोऱ्यातील अ‍ॅबरलॉर या १८७९ साली उभारलेल्या भट्टीने आपल्या 'अबूना' या सिंगल माल्टपुरती ही सोय रसिकाला नाकारली आहे. तुकडीचा क्रमांक आहे, साठ टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क आहे, ओलोरोसो शेरीच्या पिंपांचा निर्देश आहे. वय मात्र नाही. स्कॉच ठरण्यास कायद्याने ओकच्या पिंपातील तीन वर्षे पुरतात. तेव्हा वयाची पारख जिभेनेच करावयाची.

पेला नाकाशी नेताच बेदाणे, खजूर, संत्र्याची वाळलेली साल आणि दालचिनी यांचा दाट गंध येतो. हा सारा थाट पिंपाचा. पाण्यावाचून घोट घेतला तर जीभ बधिर होते, आणि बधिर जिभेने केलेली स्तुती ती काय! चमचाभर पाणी घालून जरा थांबावे. मग त्या गोडीच्या खालून जवाचा, कच्च्या नासपतीसारखा कोवळा स्वर वर येतो. तो मूळ अर्काचा. आम्हांला तोच अधिक प्रिय वाटला. शेवटी मात्र फार उकळलेल्या चहासारखा लाकडाचा तुरटपणा येतो, आणि तो या कोवळ्या अर्काला पेलत नाही. तरुण गवयाने थोर घराण्याची तान उचलावी आणि दम अपुरा पडावा, तसे काहीसे होते.

'शेरीचे पिंप' हा शब्दही आता जुन्या अर्थाने घेऊ नये. पूर्वी शेरी पिंपांतून ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे भट्ट्यांच्या पदरी पडत. १९८० नंतरच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम आला व तो ओघ आटला. हल्ली पिंपे मुद्दाम शेरीने मुरवून घेतात. यात लबाडी नाही. पण गडद रंगावरून वार्धक्य ताडणाऱ्याने सावध असावे.

कोवळेपणा हा स्वतः दोष नव्हे. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के ऐवज उडून जातो, बंगळूरच्या हवेत कितीतरी अधिक. म्हणून तेथील 'अमृत'चे माल्ट थोड्या वर्षांतच पोक्त लागते. 'अबूना'शेजारी ग्लेनड्रोनॅकचे बारा वर्षांचे, ४३ टक्क्यांचे माल्ट ठेवून पाहिले. जोर कमी, गंधही तितका भरजरी नाही. परंतु गोड आणि तुरट तेथे एकमेकांना सांभाळून घेतात, आणि दुसरा पेला आम्ही त्याचाच भरला.