अळी कडक, कात मात्र कमजोर

रेशीमकिड्याच्या ‘स्टोनी’ या म्यूटंट अळीला हात लावला तर ती नावाप्रमाणेच टणक लागते. अंग ताठ, आणि दोन वलयांमधल्या घड्या फुगून बाहेर आलेल्या. आता सांगा, तुमचा पहिला तर्क काय? कात जाड किंवा मजबूत झाली असणार, असंच ना?

चीनच्या साउथवेस्ट विद्यापीठातल्या गटाचा २०१४ चा, ‘जेनेटिक्स’मधला शोधनिबंध हा तर्क पार उलटा करतो. नेट-सेटची तयारी करताना तो एकदा वाचाच. त्वचापेशींचा एकच थर असतो आणि वरची कात तोच स्रवतो. या कातेतलं एक प्रथिन, बीमोर-सीपीआर-२, स्टोनीमध्ये बिघडलेलं आहे. जनुकाचा काही भाग गळालाय, त्यामुळे प्रथिन कायटिनला धरू शकत नाही. मग कातेतलं कायटिन घटतं, ती नीट ताणली जात नाही, ताकदही कमी पडते. आत मात्र तुतीचा पाला खाऊन अवयव वाढतच राहतात. आखूड अभ्रा उशीवर ओढून चढवलात की उशी कशी दगडासारखी लागते, तसं हे. टणकपणा कातेचा नाहीच, आतल्या कोंडीचा आहे.

मला आवडलं ते हे की लेखक जनुक सापडलं म्हणून तिथेच थांबत नाहीत (आपल्याकडचे कितीतरी प्रबंध नेमके तिथेच थांबतात). कायटिन किती, कात किती ताणली जाते, वलय आणि घडी यांचं प्रमाण काय, हे सगळं ते तपासतात.

पण शेवटची कडी मला सैल वाटते. वलय आणि घडी यांचं प्रमाण बिघडतं, हे मान्य. प्रथिनाचा दोष तर सगळ्या अंगात आहे. मग फुगतात त्या घड्याच का? कात ही पेशींनी घातलेली वस्तू आहे. कुठे वलय, कुठे घडी हे खालच्या पेशी ठरवतात. त्यांची संख्या बदलली, आकार बदलला, की नुसतीच वरची कात तोकडी पडली? आणि कीडनियंत्रणाला उपयोग होईल हे शेवटचं वाक्य तर निधीसाठी लिहिल्यासारखं वाटतं. रेशीमकिडा माणसाने पाळलेला आहे, शेतातल्या अळीपर्यंत बरीच मजल मारायची आहे.

तुम्हाला हा प्रश्न पुढे न्यायचा असेल तर महागडं काही लागत नाही. दोन्ही वाणांच्या अळ्या घ्या, कात टाकण्याआधी आणि नंतर छेद घ्या, आणि वलयाखालच्या नि घडीखालच्या पेशी वेगवेगळ्या मोजा.