नकार, तालीम आणि नियती : मराठी सुपरहिरो कथेची सद्यस्थिती

सामान्य घरात वाढलेल्या मुलाला अकस्मात असामान्य सामर्थ्य लाभते, त्या सामर्थ्यामागे आधीच ठरून गेलेले काही कार्य उभे असते, ते कार्य त्याला नको असते आणि तरीही कोणा जाणत्याच्या हाताखाली कष्टाची तालीम घेऊन तो अखेर ते पत्करतो, हा सुपरहिरो कथेचा आज सर्वत्र रूढ झालेला आराखडा आहे. पुराणकथांचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगभरच्या वीरकथांची जी सामाईक मांडणी दाखवली, तिच्यात नायकाला येणारी हाक, त्याने त्या हाकेला दिलेला नकार आणि नंतर गुरूची भेट हे टप्पे स्वतंत्रपणे नोंदवलेले आहेत. यांपैकी नकार आणि तालीम या दोन टप्प्यांवरच कथेतला नायक माणूस ठरतो की नुसता पुतळा, हे अवलंबून असते. मराठीतील सुपरहिरो कथा या कसोटीवर पारखली, तर तिच्याजवळ मुखवटा, शत्रू आणि पराक्रम असूनही नायकाच्या घडणीला तिने क्वचितच वेळ दिला आहे, असे दिसून येते. घडणीच्या कथांची परंपराच मराठीत नाही, असे म्हणून ही उणीव झाकता येणार नाही, कारण ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या आसमंतात, ती परंपरा डोंगरांच्या नावांत आणि शेजारच्या उत्सवांत आजही टिकून आहे.

मुरबाड तालुक्यात देहरी गावाच्या माथ्यावर गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळके शेजारी शेजारी उभे आहेत, आणि गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून गेल्यावर लागणाऱ्या गुहेत गोरक्षनाथांनी साधना केली, अशी लोकश्रद्धा आहे. गुरू आणि शिष्य यांची नावे लागलेले हे दोन सुळके ज्या नाथकथांशी जोडले गेले आहेत, त्या मराठी घरांत मुख्यतः मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ओवीबद्ध ग्रंथातून पोचल्या. वाऱ्यावर चालणारे, भस्माच्या चिमटीने सैन्य उभे करणारे, अस्त्रांना अस्त्रांनी उत्तर देणारे हे नाथ आजच्या कोणत्याही सुपरहिरोला सामर्थ्यात हार जाणारे नाहीत. परंतु पारायणाच्या श्रद्धेने हा ग्रंथ वाचणाऱ्यांचे आणि अद्भुताच्या हौसेने वाचणाऱ्यांचेही एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही, ती ही की या कथांचा मोठा भाग सामर्थ्य वापरण्यापेक्षा ते मिळवण्यात, आणि मिळवण्यापूर्वी ते नाकारण्यात खर्च झाला आहे.

यातला सर्वांत बोलका नायक म्हणजे अडभंगनाथ. तो मुळात माणिक नावाचा शेतकऱ्याचा मुलगा. शेतावर भेटलेल्या गोरक्षाला तो आपल्यातले अन्न देतो, परंतु गोरक्षाने वर माग म्हणताच, भिक्षा मागत फिरणारा तू मला काय देणार, तुलाच काही हवे असेल तर माग, असे उलट सुनावतो. गोरक्ष त्याच्याकडे एवढेच मागतो की मनात जे येईल ते करू नये. माणिक वचनाला पक्का आहे आणि हट्टालाही. घरी जावे असे मनात आल्यामुळेच तो घरी जात नाही, डोक्यावरचे ओझे उतरवावे असे वाटल्यामुळेच ते उतरवत नाही, आणि वर्षे लोटल्यावर गोरक्ष परत येतो तेव्हा केवळ वाऱ्यावर तगलेला त्याचा देह तिथेच उभा असतो. तरीही तो गुरू करायला तयार होत नाही, म्हणून गोरक्षाला विनंती उलटी मांडून, त्याच्या आडमुठेपणाचाच उपयोग करून त्याला दीक्षा द्यावी लागते. इथे शिष्याचा नकार हेच तालमीचे साधन झाले आहे. नायकाचा दोष मोडून काढण्याऐवजी त्या दोषाच्या बळावर त्याला घडवणारी इतकी सूक्ष्म रचना अलीकडच्या चित्रपटांत शोधूनही सापडणे कठीण आहे.

चौरंगीनाथाची कथा याहून कठोर आहे. सावत्र आईच्या खोट्या आरोपामुळे हातपाय तोडले गेलेल्या या राजपुत्राला गोरक्ष गुहेत बसवतो, त्याच्या डोक्यावर मंत्राने एक शिळा अधांतरी ठेवतो आणि नजर हलली तर ती कोसळेल असे सांगून निघून जातो. इथे एकाग्रता भीतीच्या धाकाने शिकवली जाते, आणि तशी शिकवण योग्य होती का, हा प्रश्न आजच्या लेखकाला खुशाल विचारता येईल. गोपीचंदाचा नकार पुन्हा निराळा आहे. राज्य, राण्या आणि तारुण्य हाती असलेल्या या राजाला आई मैनावती जालंदरनाथाचे शिष्यत्व घ्यायला सांगते, तेव्हा तो राणीच्या सांगण्यावरून त्या गुरूलाच खड्ड्यात पुरून वर घोड्यांची लीद टाकवतो. गुरूला जिवंत गाडण्यापर्यंत गेलेला हा नकार आणि त्यानंतर स्वतःच्याच राण्यांच्या दारी भिक्षा मागण्यापर्यंत गेलेली तालीम, यांच्यामधले अंतर म्हणजेच त्या कथेचे खरे कथानक.

नाथकथा ग्रंथातून आल्या, पण शहापूरला लागून असलेल्या मोखाडा आणि जव्हार या तालुक्यांत, म्हणजे २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, नियती आणि तालीम यांचे नाते बोहाड्यात प्रत्यक्ष दिसते. बोहाडा म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव. त्यात गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका अशी सोंगे संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात आणि सोंग म्हणजे मुखवट्यासह उभी केलेली ती संपूर्ण भूमिका होय. अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे अशी प्रथा जिथे आहे, तिथे मुलाच्या वाट्याला येणारा मुखवटा त्याच्या जन्माआधीच ठरलेला असतो, आणि त्याचे वजन पेलणे, अरुंद फटीतून पाहत पाय टाकणे, ठेका न चुकवणे हे सारे त्याला थोरांच्या मागे नाचून शिकावे लागते. मुखवट्यामागचा माणूस कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असते, तरीही सोंगाचा अधिकार कमी होत नाही. ओळख लपवण्यासाठी मुखवटा घालणाऱ्या पाश्चात्त्य नायकाशी तुलना करता ही कल्पना मुळातच वेगळी आहे, आणि मराठी चित्रकथेने तिचा उपयोग केला असता तर तिला स्वतःचा चेहरा मिळाला असता.

छापील माध्यमात मात्र मराठी वाचकाला भेटलेला पहिला मुखवटाधारी बाहेरून आला. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ हा नायक, टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ‘वेताळ’ या नावाने मराठीत आला. बापाकडून मुलाकडे जाणारे व्रत, कवटीच्या साक्षीने घेतलेली शपथ आणि एकविसाव्या पिढीपर्यंत न तुटलेली परंपरा, हा त्याच्या कथेचा पाया आहे. वंशपरंपरेने आलेली नियती मराठी वाचकाला सहज उमगली, पण त्या साहसांत वेताळ बहुतेक वेळा पूर्ण घडलेलाच भेटतो. मराठी रहस्यकथेतही हेच झाले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक पहिल्या पानावर येतात तेच सर्व विद्या अंगी बाणवून, आणि त्यांना काही शिकताना पाहण्याची वाचकाला कधी गरज वाटली नाही, कारण वेग हाच त्या कथांचा प्राण होता.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला सुपरहिरो म्हणता येणार नाही, कारण फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश कोणत्याही अलौकिक सामर्थ्याशिवाय, सायकल आणि चौकसपणा यांच्या जोरावर संकटांत शिरतो. तरीही मराठी बालनायकाचे प्रमाण त्यानेच ठरवले. संकट दिसले की धाव घेणाऱ्या या मुलाला नकार ठाऊक नाही. निर्भयता त्याला मिळवावी लागत नाही, ती त्याच्याजवळ असतेच. त्या कथांचा आनंद या निर्व्याजपणात आहे, आणि म्हणून हा त्यांचा दोष मानू नये. पण पुढच्या लेखकांनी भागवतांची ताजी भाषा न घेता न डगमगणारा नायक तेवढा उचलला, याची किंमत मराठी साहसकथेने चुकवली आहे. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात बनेशचे वय वाढले, तपासाचा विषय गंभीर झाला, पण त्याच्या मनातली शंका फारशी वाढली नाही.

चित्रपटांकडे वळल्यास, मुखवटा घातलेला मराठी सुपरहिरो पडद्यावर उभा करण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे निखिल महाजन दिग्दर्शित आणि श्रेयस तळपदे अभिनीत ‘बाजी’ (२०१५). हे धाडस मोलाचे होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे, पण त्यातून अशा चित्रपटांची परंपरा सुरू झाली नाही. त्यानंतरच्या दशकात वीरनायकाची मराठी प्रेक्षकाची भूक मुख्यतः शिवकालीन चित्रपटांनी भागवली. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’मध्ये (२०१८) साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेणाऱ्या कोंडाजीच्या मोहिमेची तयारी दिसते, म्हणजे तालमीला निदान पडद्यावर जागा मिळते. मात्र ती निष्ठा आधीच पक्की असलेल्यांची तालीम आहे. शहापूरजवळच्या माहुली गडावर १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे माघार घ्यावी लागली, तेव्हा शिवाजीराजे सहा वर्षांचे होते. पराभवाच्या सावलीत बालपण काढणाऱ्या मुलाचे मन कसे घडले असेल, हा प्रश्न विजयाच्या प्रसंगांत रमलेल्या या चित्रपटांना विशेष मोहवत नाही.

हीच गोष्ट हुतात्मा भाई कोतवाल यांच्याबाबत अधिक खटकते. माथेरानच्या गरीब नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले, वकील झालेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १९४२च्या लढ्यात आझाद दस्त्याचे नेते झाले, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम त्यांनी चालवली आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना पोलिसांच्या गोळ्यांनी वीरमरण आले. २०२० साली त्यांच्यावर चित्रपटही आला. लोकस्मृतीत सिद्धगडचा शेवट ठसठशीत आहे आणि तो तसा असणे योग्यच आहे, पण त्याआधी त्यांनी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी उभारलेली धान्यकोठी आणि त्यांनी काढलेल्या शाळा ही त्या वीराची खरी तालीम होती. कोणाच्या कणगीत किती दाणे उरले आहेत हे मोजत गावोगाव फिरलेला माणूसच पुढे त्या गावांच्या भरवशावर जंगलात राहू शकला.

मराठीने जे केले नाही ते दक्षिणेकडील चित्रपटांनी अलीकडे करून दाखवले आहे. बेसिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरली’ (२०२१) या मल्याळम चित्रपटात वीज पडून सामर्थ्य मिळालेला जेसन हा खेड्यातला शिंपी आहे. त्याला अमेरिकेला जायचे आहे, गावाला वाचवायचे नाही, आणि आपल्या शक्तीची ओळख करून घेताना त्याला वाट दाखवतो तो घरातला लहान भाचा. तेलुगूतील ‘हनु-मॅन’ने (२०२४) खेडे आणि देवकथा यांची सांगड घातली, तर मल्याळम ‘लोका’ने (२०२५) केरळमधील नीलीच्या दंतकथेला आजच्या शहरात आणले. पैशांच्या अभावाचे कारण मराठीत नेहमी पुढे केले जाते, परंतु ‘मिन्नल मुरली’चे बळ खर्चिक दृश्यांहून अधिक त्या शिंप्याच्या दुकानात, त्याच्या फजितीत आणि त्याच्या नाराजीत आहे.

विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचा विचार शहापूरच्या संदर्भात वेगळ्याने केला पाहिजे. त्यातला सिकंदरही अमेरिकेला निघालेला, लढा सोडू पाहणारा तरुण आहे. मित्राच्या मृत्यूनंतर तो कराटे शिकतो आणि मुंबईतील पाणीमाफियांशी झुंजतो. ते पाणी येते कुठून, हा प्रश्न मात्र शहराच्या वेशीबाहेर जात नाही. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण आणि मुंबईच्या पाण्यात सुमारे निम्मा वाटा उचलणारे भातसा धरण, ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या भिंतीखाली हंडे घेऊन उभे राहणारे हे वास्तव बातम्यांत दरवर्षी येते, पण मराठी अद्भुतकथेने त्याला अजून हात घातलेला नाही.

हात घालायचा झाल्यास पहिली अडचण रचनेची येईल. नायकाने मुठीच्या एका तडाख्याने जलवाहिनी फोडली तर पाड्याची तहान एक दिवस भागेल आणि महानगरातल्या चाळींचे नळ कोरडे पडतील, म्हणजे सामर्थ्य जितके मोठे तितका हा प्रश्न अधिक चिघळेल. अशा नायकाला गुरू हवा तो पाणीवाटपाचे करार वाचणारा, जुने झरे आणि विहिरी ठाऊक असलेला, कदाचित धरणात जमीन गेलेला म्हातारा, आणि त्याची तालीम चालावी ती एकदा नव्हे तर पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. मग तो नकार तरी कशासाठी देईल? भिवंडीच्या गोदामात लागलेली पाळी सुटली तर घरात पगार येणार नाही, बहिणीचे कॉलेज थांबेल, एवढे कारण पुरेसे आहे, आणि लेखकाने त्या कारणाला गोपीचंदाच्या राज्याइतकेच वजन देऊन ते पहिल्याच प्रकरणात मांडले पाहिजे.