हे तं सांगतलंच नाही

बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा आमच्या बिरसीत एकट्यानं वाचायची वस्तू नव्हती. गोंदियाच्या भाड्याच्या वाचनालयातून पुस्तक यायचं. रात्री कंदिलापाशी एक जण वाचायचा, सपरीत दहा-बारा जण ऐकायचे. निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, पण खुनी कोण हे ते आधीच ठरवून मोकळे. "नोकर नोहे बा, पुतण्याच होय. त्यानं आल्याबरोबर काय इचारलं, ध्यानात हाये का?" यावरून भांडणं व्हायची. धनंजय आणि छोटूच्या चांगल्या कथांमध्ये अशी बोट ठेवायला जागा असायची.

पुढं पुढं ही भांडणं बंद पडली. धनंजय तोच, काळा पहाड तोच, पण शेवटच्या चार पानांत कुठलीतरी चिठ्ठी निघायची, नाहीतर आजवर नावही न ऐकलेला भाऊ उगवायचा. एक म्हातारा पुटपुटला, "हे तं आपल्याले सांगतलंच नाही." त्या मालिकेवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

लोक म्हणतात, तेच ते आलं म्हणून कंटाळा आला. मला पटत नाही. मंडईच्या रात्री दंडार बघताना शेवट सगळ्यांना पाठ असतो, तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. वेषांतर, तळघर, पिस्तूल पुन्हा आलं तर येऊ द्या. वाचकाच्या डोक्यावरचा भरवसा सुटला, तिथं घसरण झाली.

त्याचं कारण हिशेबात आहे. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. पन्नास वर्षं धरली तरी वर्षाला वीस पडतात. कॉनन डॉयलनं 1887 ते 1927 या चाळीस वर्षांत होम्सच्या चार कादंबऱ्या आणि 56 कथा लिहिल्या. तरीही मधेच, 1893 साली, कंटाळून त्याला धबधब्यात ढकललं. भाड्याच्या वाचनालयाला मात्र उद्या नवं पुस्तक पाहिजेच असतं. पेरलेली खूण उगवायला वेळ लागतो, चिठ्ठी कधीही काढता येते.

म्हणून उतरणीला लागलेली मालिका ओळखायला मोठा समीक्षक लागत नाही. पुस्तक संपल्यावर ऐकणारे भांडतात की नुसते उठून झोपायला जातात, तेवढं बघावं. ज्यांना शाळेनं कधी काही विचारलं नाही, त्या माणसांना या पुस्तकांनी "सांगा, कोण?" असं विचारलं होतं. तो प्रश्न गेला, याचं मला जास्त वाईट वाटतं.