जिल्ह्याची सरासरी आणि आपली शाळा

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. ७२० जिल्ह्यांतील सुमारे ३४ लाख विद्यार्थी त्यात तपासले गेले आणि २०२२ साली प्रत्येक जिल्ह्याची प्रगतिपत्रिका प्रसिद्ध झाली. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करण्यास हे साधन उपयुक्त आहे. आमचा आक्षेप आहे तो पत्रिका वाचण्याच्या रीतीला.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग हे सारे मुंबई शहर या एकाच जिल्ह्यात येते. येथे महापालिकेच्या, अनुदानित व विनाअनुदानित शाळा शेजारीशेजारी भरतात, माध्यमेही अनेक. या शाळाशाळांमधला फरक जिल्ह्याच्या सरासरीतून कळत नाही. मग आपण शाळांच्या सरासऱ्या काढून क्रम लावू लागतो. धोका आहे तो इथेच.

एक साधे गणित पाहू. एका वर्गात १६ मुले आहेत आणि सरासरी ५५ गुण आहे. ९५ गुण मिळवणारी एक मुलगी दाखला घेऊन विरारला गेली, तर सरासरी ५२.३ वर येते. शंभर मुलांच्या वर्गातून तीच मुलगी गेली, तर सरासरी ५४.६ राहते. शिक्षक तेच, शिकवणे तेच. तरी लहान शाळा 'घसरली' असे दिसते. संख्याशास्त्राचा नियम असा, की सरासरीतील योगायोगाची चढउतार पटाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून १६ च्या वर्गात ती शंभरच्या वर्गाच्या अडीच पट होते. यादीच्या अगदी वर आणि अगदी तळाशी लहान शाळाच अधिक सापडतात, त्याचे एक कारण हे आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींतली कुटुंबे उपनगरांपलीकडे गेली आणि इंग्रजी माध्यमाकडे ओढा वाढला. त्यामुळे या भागातील अनेक मराठी शाळांचा पट रोडावला. अशा शाळेला एका वर्षाच्या निकालावरून नापास ठरवणे शास्त्रीय नाही, न्याय्य तर नाहीच.

याचा अर्थ फरक खोटे आहेत असा नव्हे. ते पारखण्यासाठी तीन वर्षांचे निकाल एकत्र घ्यावेत, सरासरीशेजारी पट लिहावा आणि त्याच मुलाची जूनमधली व मार्चमधली चाचणी ताडून पाहावी. मूल कुठून निघाले हे ठाऊक नसेल, तर शाळेने त्याला किती पुढे नेले हे सांगता येणार नाही.