तबकडीतील संक्षोभ आणि ‘आल्फा’ : एका प्रचलाचे परीक्षण

निकोलाय शाकुरा व राशीद सुन्याएव्ह यांनी १९७३ मध्ये कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायुमय तबकडीविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने खगोलभौतिकीतील एका मोठ्या अडचणीतून वाट काढली. तबकडीतील वायू केंद्राकडे सरकावयाचा, तर त्याने आपला कोनीय संवेग बाहेरच्या थरांना दिला पाहिजे. परंतु रेणूंच्या टकरींतून उद्भवणारी श्यानता या कामी अगदीच तोकडी पडते. म्हणून या लेखकांनी प्रामुख्याने संक्षोभाचा आधार घेतला. आणि त्यामुळे निर्माण होणारे प्रतिबल दाबाच्या ‘आल्फा’ पट असते, व आल्फा एकाहून मोठा नसतो, असे मानले. या गृहीताचे यश व त्याची मर्यादा यांचे मूळ एकच आहे, हे मात्र सहसा ध्यानी घेतले जात नाही.

स्थिर अवस्थेतील पातळ तबकडीच्या पृष्ठभागातून किती ऊर्जा बाहेर पडते, हे केंद्रीय वस्तुमान, वायूच्या आवकीचा दर आणि केंद्रापासूनचे अंतर यांवरून ठरते. त्या सूत्रात आल्फा येतच नाही. तेव्हा दीप्तीची गणिते निरीक्षणांशी जुळली, एवढ्यावरून संक्षोभाची कल्पना सिद्ध झाली असे म्हणणे तर्काला धरून होत नाही.

मुळात हा संक्षोभ उत्पन्न व्हावा कशाने? केप्लरच्या नियमानुसार फिरणाऱ्या तबकडीत बाहेर जावे तसा कोनीय वेग घटतो; परंतु एकक वस्तुमानाचा कोनीय संवेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत जातो. लॉर्ड रॅली यांच्या १९१७ च्या निकषानुसार असा प्रवाह अक्षसममित क्षोभांपुढे स्थिर ठरतो. रेनल्ड्स अंक प्रचंड असल्यामुळे नळीतील प्रवाहाप्रमाणे येथेही संक्षोभ माजेल, हा युक्तिवाद म्हणूनच दुबळा आहे. प्रिन्स्टन येथे दोन फिरत्या नळकांड्यांमध्ये पाणी ठेवून केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रेनल्ड्स अंक वीस लाखांपर्यंत नेऊनही कोनीय संवेगाचे परिणामकारक वहन आढळले नाही.

या कोंडीतून सुटका झाली ती चुंबकीय क्षेत्राच्या विचाराने. व्हेलिखोव यांनी १९५९ मध्ये आणि चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये नळकांड्यांमधील प्रवाहासाठी जे अस्थैर्य दाखविले होते, त्याचे तबकडीतील महत्त्व बाल्बस व हॉली यांनी १९९१ मध्ये प्रस्थापित केले. क्षीण बलरेषेने जोडलेले दोन वायुकण स्प्रिंगने बांधल्यासारखे असतात. आतला, वेगवान कण बाहेरच्या कणाला ओढतो; त्यात तो संवेग गमावतो, आणखी आत जातो व अधिकच शीघ्र फिरू लागतो. ताण वाढतो आणि क्षोभ बळावतो. येथे निर्णायक ठरते ती बाहेरच्या दिशेने होणारी कोनीय वेगाची घट. संवेगाची वाढ या अस्थैर्याला रोखू शकत नाही.

तथापि, कारण सापडले म्हणजे आल्फाचे मूल्य सापडले असे नव्हे. किंग, प्रिंगल व लिव्हिओ यांनी २००७ मध्ये दाखविले की, पूर्णतः आयनीभूत तबकड्यांच्या निरीक्षणांवरून आल्फा ०·१ ते ०·४ येतो, तर तत्कालीन संगणकीय गणिते त्याच्या सुमारे दशांशाइतकेच मूल्य देत होती. तबकडीला छेदणारे उभे क्षेत्र धरल्यास हे मूल्य वाढते. म्हणजे ते क्षेत्राच्या रचनेवरही अवलंबून आहे. ग्रहजनक तबकड्यांत तर कारणच दुर्बल होते. तेथील थंड वायू इतका अल्प आयनीभूत असतो की, चुंबकीय क्षेत्राशी त्याची पकड सुटते. असे निष्क्रिय पट्टे असावेत, हे गॅमी यांनी १९९६ मध्ये सुचविले. एचडी १६३२९६ या ताऱ्याभोवतीच्या तबकडीत संक्षोभाचा वेग ध्वनिवेगाच्या काही शतांशांहून अधिक नसावा, असे २०१५ च्या निरीक्षणांतून दिसले. अशा ठिकाणी संवेग चुंबकीय वाऱ्यांवाटे तबकडीबाहेर जात असण्याची शक्यता गंभीरपणे विचारात घेतली जाते. आणि वाऱ्यांनी होणारे हे वहन श्यानतेच्या समीकरणात बसत नाही.

सारांश, आल्फा हा वायूचा गुणधर्म नसून वहनाच्या परिणामाचे मोजमाप आहे. स्थिर तबकडीच्या दीप्तीपुरता त्याचा वापर निर्धोक होय. परंतु जेथे काळाचा प्रश्न येतो, म्हणजे उद्रेक किती दिवस टिकेल किंवा तबकडी किती वर्षांत विरेल हे सांगावयाचे असते, तेथे उत्तर थेट आल्फावर अवलंबून राहते. अशा प्रत्येक निबंधात त्याचे मूल्य कोणत्या भौतिक प्रक्रियेतून आले, हे आधी तपासणे अभ्यासकाला चुकविता येणार नाही.