अठ्ठावीस हजार आठशे वर्षांचा राजा आणि आपले सातवाहन

एक राजा जास्तीत जास्त किती वर्षं राज्य करू शकतो? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये लहानपणी गादीवर आले आणि १९३९ पर्यंत, म्हणजे जवळपास ६४ वर्षं राहिले. फ्रान्सचा चौदावा लुई ७२ वर्षं टिकला, पण तो गादीवर बसला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. माणसाच्या आवाक्यातला आकडा साधारण इथे संपतो.

आता सुमेरची राजावली घ्या. तिची सगळ्यात पूर्ण प्रत म्हणजे मातीचा एक चौकोनी ठोकळा. तो इ.स.पू. १८०० च्या सुमाराचा असून ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. चारही बाजूंवर बारीक कीलाक्षरं. त्यात पहिला राजा अलुलिम, राज्यकाळ २८,८०० वर्षं. दुसरा अलल्गर, ३६,००० वर्षं. महापुराआधीच्या आठ राजांची बेरीज २,४१,२००.

हे ऐकल्यावर लोक तीनपैकी एका वाटेने जातात. पहिली वाट: सगळ्या थापा, सोडून द्या. दुसरी: तेव्हाची माणसं खरंच तेवढी जगायची. तिसरी सुशिक्षितांची लाडकी: त्यांचं ‘वर्ष’ म्हणजे आपला दिवस किंवा महिना असणार, भागाकार करा म्हणजे झालं. दशरथाची साठ हजार वर्षं असोत, कार्तवीर्याची पंच्याऐंशी हजार असोत की चांगदेवांची चौदाशे, आपल्याकडेही वाटा याच तीन. या तिन्ही वाटा कुठे अडतात ते या लेखात बघायचंय. कारण हा प्रश्न फक्त इराकचा नाही. महाराष्ट्राचा इतिहास कधी सुरू होतो, याच्या उत्तरात असाच एक आकडा बसलेला आहे.

भागाकार करून बघू

तिसरी वाट हुशार वाटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात. १२ ने भागलं तर अलुलिमला २,४०० वर्षं येतात, म्हणजे उपयोग नाही. ३६० ने भागा. अलुलिम ८०, अलल्गर १००. वा! जमलं की! पण जरा खाली या. पुरानंतर किश शहराचे राजे येतात. त्यांतल्या एन्मेबरागेसीला ९०० वर्षं दिलीत आणि त्याचा मुलगा अग्गाला ६२५. ३६० ने भागल्यावर बापाला अडीच वर्षं आणि मुलाला पावणेदोन. पुढे गिल्गमेशची १२६ वर्षं आहेत, त्याला चार महिने मिळतात. त्याच्या मुलाला यादीत ३० वर्षं आहेत, त्याला एक महिना. मग तुम्ही म्हणाल, इथे भागायचं नाही. प्रत्येक टप्प्याला आपल्याला हवा तो भाजक घ्यायचा असेल तर ते गणित राहत नाही, मंडईतली घासाघीस होते.

त्यापेक्षा आकडे कसे बनलेत ते बघा. सुमेरी मोजणी साठावर चालायची: ६०, ६००, ३,६००. पुराआधीच्या आठही राजांचे आकडे ६०० च्या पटीत आहेत आणि आठांपैकी सहा ३,६०० च्या पटीत. आठ, दहा, बारा असे ३,६०० चे गठ्ठे. आपण ‘शंभरदा सांगितलं’ म्हणतो तेव्हा कुणी मोजत नाही, तसे हे गोल आकडे आहेत, फक्त साठाच्या हिशोबातले. पुढचे दोन बघा: ९०० म्हणजे ३० गुणिले ३०, आणि ६२५ म्हणजे २५ गुणिले २५. हे आकडे कुणी गादीच्या दाराशी बसून मोजलेले नाहीत, पाटीवर बनवलेले आहेत.

मग थापाच ना? इथे पहिली वाट अडते. ज्याला ९०० वर्षं दिलीत त्या एन्मेबरागेसीचं नाव कोरलेले दगडी भांड्यांचे तुकडे सापडलेत. माणूस खरा आहे, आकडा नाही. अशक्य आकड्यामुळे राजा खोटा ठरत नाही. आणि यातूनच उलटा धडाही मिळतो: राजा खरा निघाला म्हणून आकडा खरा ठरत नाही.

यादी म्हणजे करीना

आकडे बनवले कशासाठी? सुमेरची राजावली सांगते की राजपद स्वर्गातून उतरलं आणि एका वेळी एकाच शहरात राहिलं. एक शहर पडलं की ते दुसरीकडे गेलं. वस्तुस्थिती तशी नव्हती. किश, उरुक, उर ही शहरं शेजारी-शेजारी, एकाच वेळी नांदत आणि भांडत होती. गिल्गमेश आणि अग्गा यांच्या झटापटीवर एक सुमेरी काव्य आहे, म्हणजे परंपरेच्या लेखी हे दोघे समकालीन. राजावलीत मात्र अग्गानंतर किश संपतं, उरुकचे चार राजे येतात आणि मग गिल्गमेश. त्या चौघांची बेरीज दोन हजार वर्षांहून जास्त! शेजारची घरं एकावर एक मजले म्हणून दाखवली की इमारत उंच दिसणारच.

आणखी एक गोष्ट. २००३ मध्ये या राजावलीची एक जुनी प्रत प्रसिद्ध झाली, उरच्या शुल्गी राजाच्या काळातली. तिच्यात महापुराआधीचा भागच नाही, यादी किशपासून सुरू होते. म्हणजे २,४१,२०० वर्षं नंतर वर चढवलेली आहेत.

पेशवे दफ्तरातले वतनाचे वाद वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पाटीलकीवर दोन घरं भांडायची, तेव्हा प्रत्येक पक्ष आपला करीना लिहून द्यायचा: मूळपुरुष कोण, वतन कुणी दिलं, कुणाच्या हातून कुणाच्या हाती आलं. करीना वाचताना आपण ‘हे खरं की खोटं’ एवढंच विचारून थांबत नाही. कुणासमोर, कुठल्या हक्कासाठी लिहिला हे आधी विचारतो. राजावलीलाही आधी तोच प्रश्न विचारायला हवा.

आता पुराणांकडे

मत्स्य, वायू, ब्रह्मांड, विष्णू, भागवत या पुराणांत कलियुगातल्या राजांच्या याद्या आहेत. गंमत म्हणजे त्या भविष्यकाळात सांगितल्यात: अमुक राजा होईल, इतकी वर्षं राज्य करील. पार्जिटरने १९१३ मध्ये पोथ्यांचे पाठभेद जुळवून या याद्या एकत्र छापल्या. अजूनही काम तिथूनच सुरू करावं लागतं. त्यातल्या मगधाच्या वंशांची सरासरी मी काढली.

बृहद्रथ वंश नेमकी १,००० वर्षं. राजे काही पोथ्यांत २२, काहींत ३२, म्हणजे सरासरी ४५ किंवा ३१. शिशुनाग: १० राजे, ३६० वर्षं, सरासरी ३६. नंद: ९ राजे, १०० वर्षं, सरासरी ११. मौर्य: १० राजे, १३७ वर्षं, सरासरी साधारण १४. शुंग: १० राजे, ११२ वर्षं. कण्व: ४ राजे, ४५ वर्षं. दोघांची सरासरी ११ च्या आसपास.

उतार दिसला? जितकं मागे जावं तितका राजा दीर्घायुषी. त्यामागे एक विचार आहे. युग उतरतं तसं आयुष्य घटतं, कृतयुगात ४०० वर्षं आणि कलीत १००, असं मनुस्मृती सांगते. यादी त्या उतारावर बसवलेली आहे. शिवाय १,०००, ३६०, १०० हे गोल आकडे बघा. नंदांचं शतक कसं भरतं? मत्स्यात महापद्म नंदाला ८८ वर्षं आणि त्याच्या मुलांना मिळून १२. वायूत मात्र महापद्माला २८ आहेत. ‘अष्टाविंशति’ आणि ‘अष्टाशीति’ यांत घोटाळा व्हायला पोथी नकलणाऱ्याची एक डुलकी पुरते. पण ८८ हा पाठ टिकला, कारण त्याने शंभरी भरते, असं मला वाटतं. चूक हाताने झाली असेल, पण सांभाळली बेरजेने.

आणि आपले सातवाहन

पुराणांत त्यांना ‘आंध्र’ म्हटलंय. मत्स्यात ३० राजे, ४६० वर्षं. सरासरी पंधरा. बघा, इथे काहीच अशक्य नाही! एका शातकर्णीला ५६ वर्षं आहेत, तीही सयाजीरावांपेक्षा कमी. चकोर नावाच्या राजाला तर फक्त सहा महिने. इतका प्रामाणिक दिसणारा तपशील. आणि मला हीच यादी जास्त धोक्याची वाटते. अलुलिमवर कुणी विश्वास ठेवत नाही, ४६० वर सगळे ठेवतात.

साधी बेरीज करू. मौर्यांची सुरुवात इ.स.पू. ३२१ च्या सुमारास. मौर्य १३७, शुंग ११२, कण्व ४५, एकूण २९४. म्हणजे कण्व संपले इ.स.पू. २७ ला. पहिल्या आंध्र राजाने कण्वांचा पाडाव केला असं पुराणच सांगतं. तिथून ४६० मोजले तर सातवाहन इ.स. ४३० च्या पुढे जातात. पण नाणी आणि लेख सांगतात की तिसऱ्या शतकाच्या पहिल्या चरणाच्या आसपास त्यांचा खेळ आटोपला होता. दोनशे वर्षं जास्त झाली.

यावर अभ्यासकांचे दोन पक्ष पडले. एक पक्ष ४६० हा आकडा धरतो आणि कण्वांच्या पाडावाचं विधान सोडतो, म्हणून सातवाहन इ.स.पू. तिसऱ्या शतकात जातात. दुसरा पक्ष ते विधान धरतो आणि आकडा सोडतो, म्हणून सुरुवात इ.स.पू. पहिल्या शतकात. एकाच ग्रंथातलं एक वाक्य साक्षीदार म्हणून उभं करायचं आणि पुढचंच फेटाळायचं, हे दोघंही करतात. निवडीचा निकष मात्र कुणी नीट सांगत नाही.

वायुपुराणाच्या पोथ्यांनी प्रश्न आणखी वाढवला. राजे ३० असं म्हणून नावं मात्र १७, १८ किंवा १९, आणि बेरीज २७२ १/२, ३०० किंवा ४११. रा. गो. भांडारकरांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात यावर देखणा तोडगा काढला: छोटी यादी मुख्य शाखेची, मोठी यादी सगळ्या शाखांच्या राजपुत्रांची. समकालीन शाखा एकापुढे एक मांडल्या गेल्या, असा त्याचा अर्थ. सुमेरच्या किश-उरुकचा प्रकार हाच. तत्त्व म्हणून मला हे पटतं. अडचण एवढीच की शाखा कुठल्या, कुणाची गादी कुठे, हे पुराण सांगत नाही. शाखा आहेत हे आपण जास्तीच्या वर्षांवरून ठरवायचं आणि जास्तीची वर्षं शाखांवरून समजवायची, हा गोल आहे. तो बाहेरच्या पुराव्यानेच तुटतो.

तो पुरावा आपल्या अंगणातच आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र शातकर्णीच्या २४ व्या राज्यवर्षाचा लेख आहे, पुराण त्याला २१ वर्षं देतं. म्हणजे यादी नेहमी फुगवतेच असंही नाही, कधी कमीही देते. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. एका गादीवरून दुसरीकडे सत्ता गेली हे इथे धातूवर दिसतं. रुद्रदामनचा जुनागढचा लेख शक ७२ चा, म्हणजे इ.स. १५० चा. त्यात दक्षिणापथपती शातकर्णीला दोनदा हरवल्याची बढाई आहे. टॉलेमी पैठणच्या पुळुमावीचं नाव घेतो. या खुंट्या पक्क्या आहेत. यादी या खुंट्यांना टांगायची, खुंट्या यादीला नाहीत.

कसब्यातलं खापर

हे सगळं कशासाठी? स्पर्धा परीक्षांच्या कित्येक पुस्तकांत सातवाहनांचा काळ ‘इ.स.पू. २३० ते इ.स. २३०’ असा छापलेला दिसतो. बेरीज करा. मत्स्यपुराणाचे ४६० तुमच्यासमोर येतील, फक्त आता ते ‘परंपरा’ म्हणून नाही, तर वस्तुनिष्ठ प्रश्नाचं उत्तर म्हणून.

आणि ही गोष्ट कसबा पेठेच्या जमिनीपर्यंत जाते. पुण्याचा लेखी उल्लेख मिळतो तो राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत, इ.स. ७५८ आणि ७६८ च्या. त्याआधीचं पुणे बोलतं ते खापरांतून. कसब्यात जुने वाडे पाडून नव्या इमारतींचे पाये खणले जात होते, तेव्हा २००४ ते २००६ च्या दरम्यान डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथे बचाव-उत्खनन केलं आणि वस्ती सातवाहन काळापर्यंत मागे गेली. पण ‘सातवाहन काळ’ म्हणजे किती? लांब कालगणना धरली तर त्या लेबलात साडेचारशे वर्षं मावतात, आखूड धरली तर तीनशेच्या आसपास. खापर तेच, थर तोच, पण पुण्याचं वय दीड-दोनशे वर्षांनी पुढेमागे होतं, तेही पोथीतल्या एका बेरजेवरून. उलट बाजूने, खापरांच्या ठरवलेल्या काळावरून सातवाहनांची सुरुवात सिद्ध केली, तर तोच गोल पुन्हा.

म्हणून माझं मत असं: पुराणाची यादी नावांसाठी आणि साधारण क्रमासाठी वापरावी. कालावधीसाठी वापरू नये. बेरीज हा सातवाहनांविषयीचा पुरावा नाही, ती यादी रचणाऱ्यांच्या गरजेचा पुरावा आहे, आणि तो तितकाच मोलाचा आहे. ‘सातवाहनकालीन’ असं कुठल्याही फलकावर वाचलंत तर शेजारी शतक लिहिलंय का बघा, आणि ते शतक नाण्यावरून आलंय, थरातल्या कोळशाच्या तपासणीवरून आलंय की पोथीवरून, एवढं विचारा.

पुढच्या लेखात नाणेघाटाचा लेख घेऊ. तिथे वर्षं नाहीत, पण दक्षिणेत दिलेल्या गाई आणि कार्षापणांचे आकडे आहेत, हजारांच्या घरातले. आज सुमेरच्या अलुलिमला विचारले तेच प्रश्न त्यांनाही विचारून बघू.